पिकअपचा रिव्हर्सचा दिवा: रिलेवरून आणि मान खाली घालून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाशीच्या भाजीपाला बाजारात मध्यरात्रीनंतर पिकअप गाळ्याला लावायची, तर मागे हमाल असतात, हातगाड्या असतात, कोबीच्या ओल्या पाल्यावर चाक घसरत असते आणि शेजारच्या गाडीचा फाळका (हौद्याचे मागचे झाकण) उघडा लोंबत असतो. जुन्नर-आंबेगावकडे टोमॅटोचे क्रेट भरायला गाडी बांधापर्यंत मागे न्यायची, तर तिथे जवळपास विजेचा खांबही नसतो. अशा जागी मागचे दिसावे म्हणून गाडीला जो पांढरा दिवा येतो, त्यात बहुतेक पिकअपमध्ये २१ वॅटचा साधा तारेचा बल्ब असतो. नवा असताना तो साडेचारशेच्या आसपास लुमेन उजेड देतो, म्हणजे घरातल्या पाच वॅटच्या एलईडी बल्बएवढा. त्यातलाही बराचसा टेल लॅम्पच्या धुळकट काचेत अडतो. गाडी मागे येते आहे हे इतरांना कळायला एवढा उजेड पुरतो. चालकाला खड्डा, दगड किंवा खाली वाकलेला माणूस दिसायला तो पुरत नाही.

म्हणून मागे जादा दिवे लावून घेणाऱ्या चालकाला आम्ही हौशी म्हणणार नाही. त्याची गरज खरी आहे. आमचा आक्षेप आहे तो हे दिवे ज्या रीतीने लावले जातात तिला, आणि त्यासाठीच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

सध्या दोन पद्धती सर्रास दिसतात. पहिलीत टेल लॅम्पकडे जाणाऱ्या रिव्हर्सच्या वायरीचे आवरण सोलून नव्या दिव्याची वायर तिथेच पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. पण त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्समध्ये बसवलेला अंगठ्याएवढा रिव्हर्स स्विच असतो. दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर, असा हिशोब धरून तो आणि त्याची वायर दिलेली असते. तिथे ५५ वॅटचे दोन हॅलोजन जोडले की आणखी नऊ अँपिअर वाढतात. आधी फ्यूज उडतो. मग कुणीतरी मोठा फ्यूज घालतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. त्यानंतर जळायला उरतात त्या वायर आणि स्विच. स्विचचे पॉइंट काळे पडले की कंपनीचा दिवाही जातो, आणि रिव्हर्सचा बझर त्याच लाइनवर असेल तर तोही मुका होतो. अधिक उजेडासाठी केलेल्या कामाने गाडी आंधळी आणि मुकी होते, हे या कामातले सर्वांत मोठे नुकसान.

दुसरी पद्धत याहून वाईट. बॅटरीवरून थेट वायर घेऊन डॅशबोर्डवर एक स्विच बसवतात आणि त्यावर मागचे पांढरे दिवे चालवतात. गिअरशी त्याचा संबंधच राहत नाही. माल भरताना लावलेला दिवा हायवेवरही तसाच चालू राहतो. पाठीमागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला समोर दोन पांढरे झोत दिसतात, आणि पांढरा दिवा म्हणजे समोरून येणारे वाहन ही सवय डोळ्यांत इतकी मुरलेली असते की तो क्षणभर गोंधळतो. माळशेज किंवा कसारा घाटात, वळणावर, पावसात तो क्षण फार महाग पडतो. काही चालक तर मागचा अप्परवर येतो म्हणून मुद्दाम हा स्विच दाबतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही, आणि असा स्विच बसवून देणाऱ्या कारागिराचाही त्यात वाटा आहे.

आता काम कसे करावे ते सांगतो. पण नवे दिवे घेण्याआधी जुना दिवा तपासा. हँडब्रेक ओढून, चाकाला उटी लावून, इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा आणि रिव्हर्स गिअर टाका. बल्बच्या होल्डरवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असतील आणि होल्डरवर १२ च्या आसपास, तर ठीक. तिथे साडेदहा-अकराच दिसत असतील तर होल्डर गंजला आहे किंवा अर्थ (करंटची चासीकडे परतायची जोडणी) सैल आहे. तारेच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी पडले तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे होल्डर घासून, अर्थ घट्ट करून, काच आतून-बाहेरून धुऊन काढली तरी फरक डोळ्यांना दिसतो. अनेक गाड्यांचे काम इथेच भागते. जुन्या होल्डरमध्ये एलईडीचा बल्ब घालणे हा मधला मार्ग लोक सुचवतात. पण टेल लॅम्पचा परावर्तक तारेच्या बल्बच्या ठिणगीएवढ्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागेवर नसतात, त्यामुळे उजेड जमिनीवर नीट पडत नाही, कुठेतरी विखुरतो.

तरीही कमी पडत असेल, तर १२ व्होल्टवर चालणारे, प्रत्येकी १५ ते १८ वॅटचे दोन एलईडी दिवे भरपूर झाले. खरे १८ वॅट असतील तर एका दिव्याकडून हजार-दीड हजार लुमेन मिळतात, म्हणजे मूळ बल्बच्या दुप्पट-तिप्पट. दुकानात खोक्यावर ४८, ७२, १२० असे आकडे छापलेले असतात. त्यावर जाऊ नका. दुकानदाराच्या बॅटरीवर दिवा लावून अँपिअर मोजा. साडेतेरा व्होल्टला १८ वॅटच्या दिव्याने १.३ अँपिअर घेतले पाहिजेत. अर्धा अँपिअर घेत असेल तर तो सहा-सात वॅटचाच आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो. झोत पसरट हवा, साठ अंशांच्या आसपास. लांब फेकणारा अरुंद झोत मागे निरुपयोगी असतो: पन्नास फुटांवरची भिंत उजळते आणि चाकामागचा दगड अंधारात राहतो. रंग साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा नको, चार ते पाच हजारांचा घ्या. धूळ आणि धुक्यात तो कमी चमकतो आणि ओला चिखल कोरड्यापासून वेगळा दिसतो. दिव्यावर किमान आयपी ६७ असे लिहिलेले असावे. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाणार नाही. सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोरदार फवारा मात्र त्यात धरलेला नाही, तेव्हा गाडी धुताना नोझल दिव्याच्या कडेवर रोखू नका. रिव्हर्सचा दिवा म्हणूनच प्रमाणित केलेला, काचेवर तसा शिक्का असलेला दिवा मिळाला तर तो सर्वांत उत्तम. त्याचा झोत मुळातच खाली कापलेला असतो.

बाकीचे सामान असे लागते. १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सॉकेटसह. पाणी न शिरणारा फ्यूज होल्डर आणि १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज. दीड चौरस मिलिमीटरची लाल वायर सहा-सात मीटर, तेवढीच काळी. रिलेच्या इशाऱ्यासाठी पाऊण चौरस मिलिमीटरची दोन-तीन मीटर. वायर घालायला नालीदार काळा पाइप, चांगली थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक), आतून गोंद असलेली आक्रसणारी स्लीव्ह, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारे कडे), काळे केबल टाय, ८ मिलिमीटरचे स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारे). रिले, सॉकेट आणि फ्यूज होल्डर हे सगळे शे-दोनशे रुपयांत येते, आणि नेमका तेवढाच खर्च वाचवायला जाऊन हजारोंचे वायरिंग जळते.

वायर घेताना एक चाचणी करा. एक तार चाकूने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार आहे. ती परत करा, कारण ती थरथरीने लवकर तुटते आणि थिंबलमध्ये सैल पडून तापते. वरून पांढरी आणि आतून तांबूस निघाली तर ते कथिलाचा मुलामा दिलेले तांबे, ते उत्तम. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांना आम्ही तेच सांगू. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून अखंड ठिबकत असते. साध्या तांब्यात ते आवरणाखालून फूट-दोन फूट चढते आणि आतली तार हिरवी-काळी होऊन मोडते. वरून वायर मात्र धडधाकट दिसते.

जोडणी सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह काढून ठेवा. रिले बॅटरीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये साचत नाही. रिलेच्या पायावर आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचे पॉझिटिव्ह, फ्यूजमधून. ८७ वरून दिव्यांकडे जाणारी लाल वायर. ८५ ला अर्थ. ८६ ला रिव्हर्स स्विचवरून येणारा इशारा. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरही घेत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सच्या स्विचवर जवळपास काहीच ओझे वाढत नाही. दिव्यांचा सगळा करंट रिले आपल्या पॉइंटवरून वाहतो. चार पिनांचा रिले मिळाला नाही म्हणून पाच पिनांचा बसवला, तर मधल्या ८७-अ या पिनेकडे लक्ष द्या. रिले बंद असताना ती पिन जिवंत असते. दिव्याची वायर चुकून तिच्यावर गेली, तर दिवे कायम चालू राहतात आणि फक्त रिव्हर्स टाकला की विझतात. असे झाले तर रिले खराब नाही, पिन चुकली आहे. ती पिन मोकळी ठेवायची आणि सॉकेटमधले तिचे टर्मिनल काढूनच टाकायचे.

रिव्हर्स स्विचच्या दोन वायरींपैकी इशाऱ्यासाठी कोणती घ्यायची, हे टेस्ट लॅम्पवर ठरवा. चावी चालू, गाडी न्यूट्रलमध्ये: जिच्यावर टेस्ट लॅम्प लागतो ती पुरवठ्याची. रिव्हर्स टाकल्यावरच जिच्यावर लागतो ती दिव्याकडे जाणारी, आणि आपल्याला तीच हवी. तिथे जोड देताना वायर चावून बसणारी निळी क्लिप वापरू नका. ती काही तारा कापते आणि खाचेतून पाणी आत घेते. नीट सोलून, क्रिम्पिंगच्या चिमट्याने जोड दाबून, वर गोंदाची स्लीव्ह आक्रसवा. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो. नव्या गाड्यांत रिव्हर्सची खबर इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही जाते, त्यामुळे आतच डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घ्या, नाहीतर ८५ आणि ८६ च्या मध्ये १एन४००७ हा डायोड बाहेरून लावा. पांढरी पट्टी ८६ च्या बाजूला. पट्टी उलटी लागली तर रिव्हर्स टाकताक्षणी डायोड जळतो किंवा कंपनीचा फ्यूज उडतो. आत डायोड असलेल्या रिलेतही ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही.

फ्यूज बॅटरीपासून एक फुटाच्या आत हवा. हे पुन्हापुन्हा सांगावे लागते, कारण फ्यूज दिव्याजवळ बसवलेल्या गाड्या अनेक आहेत. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत पाच-सहा मीटर वायर चासीच्या धारेवरून, सायलेन्सरच्या शेजारून, पाट्यांच्या (चाकांवरच्या स्प्रिंगच्या) जवळून जाते. ती कुठेही घासून चासीला टेकली तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज दिव्याजवळ असेल तर त्याला या घटनेचा पत्ताच लागत नाही, आणि वायर लाल होऊन शेजारच्या सगळ्या वायरिंगला आणि डिझेलच्या नळीला आग लावू शकते. म्हणून वायर कंपनीच्या वायरिंगच्या वाटेनेच न्या, दर एक फुटाला बांधा, चासीच्या भोकातून जाईल तिथे ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवा, आणि पाटे किंवा ब्रेकच्या नळीला कधीही बांधू नका. दिव्यापाशी वायरीला खाली एक झोळ द्या. पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जाते, जोडात शिरत नाही.

बारीक वायर का नको, याचा हिशोब साधा आहे. दोन दिव्यांचे तीन अँपिअर धरले, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन दहा मीटरला एक व्होल्टच्या वर जातो. दीड चौरस मिलिमीटरमध्ये जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट. एलईडी एवढी घट सोसतो. पण तेच हॅलोजनचे नऊ अँपिअर बारीक वायरीतून गेले, तर तीन व्होल्टच्या वर वाटेतच खर्च होतात आणि दिवा पिवळा, मलूल दिसतो. मग लोक आणखी मोठा बल्ब घालतात आणि वायर आणखी तापते.

अर्थ हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. दिव्याचा बोल्टच अर्थ मानून काम उरकले जाते. पण हौदा चासीवर लाकडाच्या किंवा रबराच्या पट्टीवर बसलेला असतो, मध्ये रंगाचे दोन-तीन थर असतात, आणि फाळक्याच्या बिजागरीतून अर्थ मिळेल हा तर निव्वळ भरवसा झाला. काळी वायर थेट चासीपर्यंत न्या. तिथला रंग घासून लोखंड उघडे करा, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस फासा. त्याहून पक्के हवे असेल तर काळी वायर बॅटरीपर्यंत परत आणा. मात्र बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असेल, तर सेन्सरला वळसा न घालता चासीच्या बाजूच्या बोल्टला जोडा. अर्थ बिघडल्याची एक हमखास खूण आहे: रिव्हर्स टाकला की इंडिकेटर किंवा टेल लॅम्प मिणमिणतो. करंटला घरी जायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी दिवे बदलत बसू नका, अर्थ शोधा.

आता दिवा कुठे आणि कसा बसवायचा. दुकानात याची चर्चा फारशी होत नाही, पण खरा फायदा-तोटा इथेच ठरतो. भरलेल्या पिकअपच्या चालकाला केबिनच्या मागच्या काचेतून काहीच दिसत नाही. तो बघतो दोन बाजूंच्या आरशांत. म्हणून उजेड आरशात दिसणाऱ्या पट्ट्यात पडला पाहिजे: हौद्याच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांपासून मागे आणि थोडा बाहेर. बरोबर मधोमध लावलेला एकच जबर दिवा आरशात बघणाऱ्याच्या फारसा कामाचा नसतो. हौद्याच्या मागच्या आडव्या चॅनलखाली, टेल लॅम्पच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर दोन दिवे लावा आणि प्रत्येकाचे तोंड दहा-पंधरा अंश बाहेरच्या बाजूला वळवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ मध्ये रिव्हर्सच्या दिव्याची उंची २५ सेंटिमीटर ते १२० सेंटिमीटर धरली आहे, ती मर्यादा मानायला सोपी आहे. केबिनच्या टपावर किंवा ताडपत्रीच्या कमानीवर मागे तोंड करून लावलेले दिवे या मर्यादेच्या बाहेर जातात, आणि ते सरळ मागच्याच्या डोळ्यांत घुसतात.

फाळका खाली सोडला की काय होते, तेही आधीच पाहून घ्या. बाजारात बरेच जण फाळका उघडा टाकूनच गाडी गाळ्याला लावतात. तो लोंबून चॅनलखालचे दिवे झाकत असेल, तर ब्रॅकेट दोन-तीन इंच बाहेर किंवा खाली घ्यावे लागते. मात्र बंपरच्या रेषेबाहेर नको. पहिल्याच ओट्याला आपटून दिवा जाईल. ब्रॅकेटला तीन मिलिमीटरची पट्टी घ्या. पातळ पत्रा थरथरतो आणि महिन्याभरात बोल्टाच्या भोकापाशी चिरतो.

झुकाव किती द्यावा, याचा नियम सोपा आहे: झोताचा जो कोन असेल, त्याच्या निम्मा तरी दिवा खाली झुकवा. साठ अंशांचा झोत म्हणजे मधल्या रेषेच्या वर तीस आणि खाली तीस. दिवा सरळ ठेवला तर निम्मा उजेड आकाशात आणि लोकांच्या तोंडावर जातो. दहा अंश झुकवला तरी वीस अंश वर उरतातच. तीस अंश झुकवला की झोताची वरची कड आडव्या रेषेला येते. ८० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याचा मधला भाग मग गाडीमागे सुमारे दीड मीटरवर पडतो आणि वरचा अर्धा भाग पुढचे चार-सहा मीटर उजळतो. रिव्हर्सला एवढेच अंतर लागते. तरी चमक वर जात असेल, तर दिव्यावर दोन-तीन इंचांची पत्र्याची झापड लावा, आतून काळा रंग देऊन.

हे सगळे गाडी रिकामी असताना साधा. हेडलाइटचे उलटे असते: माल भरला की गाडी मागे बसते, नाक वर होते आणि हेडलाइट वर चढतात, म्हणून ते भरल्या गाडीवर पाहावे लागतात. मागचे दिवे मात्र माल भरल्यावर आपोआप आणखी खाली झुकतात. म्हणजे मागच्याला त्रास होण्याची वेळ रिकाम्या गाडीची. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी पाठ करून उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखा आणि रिव्हर्स टाका. उजेडाच्या ठळक पट्ट्याची वरची कड त्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. मग एका माणसाला वीस पावले मागे दुचाकीवर बसवून विचारा की उजेड डोळ्यांना सोसवतो का. मागे कॅमेरा असेल तर दिवा त्याच्या शेजारी चिकटवू नका, आणि त्याची वायर दिव्याच्या वायरीसोबत एका पाइपमध्ये घालू नका. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमुळे पडद्यावर रेघा येतात आणि रेडिओ खरखरतो.

माल भरायला उजेड हवा असतो, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी वेगळा दिवा लावा: हौद्याच्या आत, पुढच्या जाळीवर, तोंड खाली मालाकडे करून, सहा-आठ वॅटचा. त्याला वेगळा स्विच आणि वेगळा फ्यूज द्या, आणि केबिनमध्ये तो चालू असल्याचा लाल ठिपका ठेवा. रिव्हर्सच्या दिव्यांनाच स्विच देऊन दोन्ही कामे एकात उरकण्याचा मोह टाळा. १८ वॅटचे दोन दिवे रात्रभर विसरले तर आठ तासांत चोवीस अँपिअर-तास खातात. साठ-पासष्टच्या जुन्या बॅटरीवर सकाळी डिझेल इंजिन घरघरते. हॅलोजन विसरले तर धक्काच मारावा लागेल.

कायद्याबद्दल थोडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ चा आशय असा की वाहनाने मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवू नये. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि गाडी मागे घेतानाचा पांढरा दिवा असे मोजके अपवाद आहेत. म्हणजे पांढऱ्या दिव्याला जागा आहे ती रिव्हर्समध्येच. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालते, तेव्हा हौस म्हणून वाट्टेल तेवढे दिवे टांगण्याला आधार नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर कंपनीच्या वायरिंगला चिरा देण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आग लागल्यावर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा अशा टेपच्या जोडांकडेच बघतो.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली परिवहन विभागाकडे. व्यावसायिक वाहनांच्या फिटनेस तपासणीत मागचे पांढरे दिवे रिव्हर्स गिअरशिवाय लागतात का, एवढे पाहावे. चालकाला केबिनमधले सगळे स्विच दाबायला सांगून मागे उभे राहिले की एका मिनिटात कळते. जे लागतात त्यांचा स्विच तिथेच काढायला लावावा. जे रिले घालून, खाली झुकवून, रिव्हर्सवरच चालतात, त्यांना उगाच अडवू नये. नाहीतर चालक चांगले कामही काढून टाकेल आणि पुन्हा त्याच मिणमिणत्या बल्बवर येईल.

दुसरी मागणी हौदा बांधणाऱ्या कारखान्यांकडे. मागच्या चॅनलला दोन ब्रॅकेटांची भोके आणि वायर न्यायला ग्रोमेटसह एक भोक, एवढे वेल्डिंगच्या वेळीच ठेवले, तर पुढे रंगवलेल्या चॅनलला ड्रिल मारून गंजाला वाट करून द्यावी लागणार नाही. जिथे नंतर ड्रिल मारावेच लागते, तिथे भोकाच्या कडेला झिंकचा प्रायमर लावून मगच बोल्ट घालावा. दिवे बसवून पंधरा दिवस झाले की नट एकदा पुन्हा आवळावेत, आणि पावसाळ्याआधी अर्थचे थिंबल काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवावे.

आपले,
पिकअप व टेम्पोच्या वायरिंगचे काम करणारे काही वाचक,
नारायणगाव, जि. पुणे